शेडमधला जनरेटर पाऊण तासात बंद पडतो, बाहेर काढला की चालतो

लक्षणं साधारण अशी असतात. लाइट जाते, जनरेटर पहिल्या दमात सुरू होतो, फ्रिज, चार पंखे आणि एक एसी आरामात ओढतो. तीस-चाळीस मिनिटांनी आवाज जड होतो, दिवे लुकलुकतात आणि सेट गप्प. वीस मिनिटांनी पुन्हा दोरी ओढली की सुरू होतो, पण आता दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. मेकॅनिक येतो, प्लग बदलतो, कार्ब्युरेटर धुतो, शेडचं दार सताड उघडून दहा मिनिटं चालवून दाखवतो. त्या दहा मिनिटांत सेट कधीच बंद पडत नाही. पुढच्या वेळी लाइट गेली की तेच रडगाणं.

नेरुळ-बेलापूरच्या रो-हाउसचं मागचं अंगण असो की घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूचा बंगला, ३ ते ५ केव्हीएचा पेट्रोल सेट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला की ही तक्रार दोनदा हमखास येते. एकदा एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि दुसऱ्यांदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाची झड आत येते म्हणून जाळीवर ताडपत्री बांधली की. बहुतेक वेळा इंजिनात काहीही बिघडलेलं नसतं. शेडला श्वास घ्यायला जागा नसते. पण हे गृहीत धरून भिंत फोडायला घेऊ नका. आधी दोष शेडचा की सेटचा याचा निवाडा करा, त्याला एक सुट्टीचा दिवस पुरतो.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि डोकं जड होऊन मळमळायला लागेपर्यंत माणसाची उठायची ताकद गेलेली असू शकते. सेट चालू असताना शेडचं दार लावून आत थांबायचं नाही, तपासणीसाठीसुद्धा नाही. शेड घराच्या भिंतीला चिकटून असेल तर त्या भिंतीतली खिडकी, एसीच्या पाइपाचं भोक, जुन्या एक्झॉस्ट फॅनची पोकळी, सगळं बुजवा आणि आतल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. हा अलार्म शेडमध्ये लावून उपयोग नाही. तिथे तो सतत वाजेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा सेल काढून ठेवेल.

निवाडा: बाहेरची एक तासाची चाचणी

सेट शेडबाहेर मोकळ्यावर, सावलीत, सपाट जमिनीवर आणा. घराच्या दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब. अंगणात एवढी जागा नसेल तर त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून घ्या आणि घरात कोणी थांबू नका. शेडमध्ये असताना जो लोड होता तोच लावा आणि क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) अँपिअर बघा. ५ केव्हीएच्या सेटवर ४ किलोवॉट लोड म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १७ अँपिअर. सेटच्या पाटीवर सततचा आणि कमाल असे दोन आकडे असतात. त्यातला सततचा आकडा खरा. विकणारा सांगतो तो बहुधा दुसरा असतो. लोड सततच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत आहे ना ते बघा आणि त्याच लोडवर एक तास सेट चालवा.

तासभर सुरळीत चालला तर दोष शेडचा. खालचा भाग सोडून थेट पुढच्या मथळ्यावर जा.

बाहेरही बंद पडला, तर बंद पडल्या क्षणी काय दिसतं त्यावरून कारण ठरतं. पहिला संशयित पेट्रोलच्या टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत घेणारं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. आपल्याकडे हे भोक बुजवायचं काम बरेचदा कुंभारमाशी करते, चिमूटभर मातीने. सेट बंद पडून गार झाल्यावर झाकण सैल करा. ‘स्स’ असा हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर सेट पूर्ववत चालला, तर दुसरं काही शोधू नका.

दुसरा संशयित ऑइलचा सेन्सर. पातळी थोडी कमी असेल किंवा सेट तिरका उभा असेल तर गरम, पातळ झालेल्या ऑइलवर सेन्सर इंजिन बंद करतो आणि गार झाल्यावर परत चालू द्यायला तयार होतो. याचं मूळ कधीकधी गवंड्याच्या हातात असतं: पाणी वाहून जावं म्हणून त्याने अख्ख्या कोब्याला उतार दिलेला असतो, सेटच्या खालीसुद्धा. उतार सेटच्या भोवती हवा, सेटखाली नाही. तिसरा संशयित इग्निशन कॉइल. गरम झाली की ठिणगी देणं सोडते. बंद पडल्यावर लगेच, इंजिन गरम असतानाच, सांडलेलं पेट्रोल आसपास नाही याची खात्री करून स्पार्क टेस्टरने बघा. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, म्हणजे कॉइल बदलायची. आणि चौथा, लोड. पाण्याचा १ एचपीचा पंप चालताना एक किलोवॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना चार ते सहा पट करंट ओढतो. एसी चालू असताना कोणी वरची टाकी भरायला पंप लावला, तर सेट गुदमरणारच.

शेडला किती हवा लागते

इथे थोडं गणित केलं तर पुढचे बरेच वाद मिटतात. ५ केव्हीएचा सेट भरल्या लोडवर तासाला साधारण २ लिटर पेट्रोल पितो. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला १८ युनिट. त्यातली जेमतेम ४ वीज होऊन घरात जातात. उरलेली १४ उष्णता. धुराचा पाइप नीट बाहेर नेला असेल तर त्यातली ५ युनिट त्याच्यासोबत जातात आणि तासाला ९ युनिट, म्हणजे ९ किलोवॉट उष्णता शेडमध्ये राहते. एक किलोवॉटच्या नऊ इस्त्र्या एका कोंदट खोलीत चालू ठेवल्यासारखं. आणि धूरही शेडमध्येच सुटत असेल तर चौदा.

आता शेड बघा. ८ बाय ७ फूट, उंची ८ फूट. आतली सगळी हवा मिळून जेमतेम १५ किलो. ९ किलोवॉटने ती वीस सेकंदांच्या आत १० अंशांनी तापते. भिंती आणि पत्रा काही उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात अर्धा तास निघतो, इतकंच. बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायचं नसेल तर तासाला २८०० घनमीटर हवा बदलावी लागते. म्हणजे शेडमधली पूर्ण हवा दर सोळा-सतरा सेकंदांना नवी.

पंख्याशिवाय, गरम हवा आपोआप वर जाते एवढ्याच जोरावर हे करायचं तर खाली १८ चौरस फूट आणि वर १८ चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे पूर्ण मोकळी. लुव्हर, म्हणजे तिरक्या पात्यांची जाळी, लावले की निम्मी जागा पात्यांत जाते, म्हणजे लुव्हरचं माप खाली आणि वर प्रत्येकी ३६ चौरस फूट, दोन्हीकडे निम्म्याहून जास्त भिंत. फॅब्रिकेटरने प्रेमाने लावलेल्या दीड बाय एक फुटाच्या दोन जाळ्या या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

म्हणून पोर्टेबल पेट्रोल सेटला चार भिंतींची शेड बांधूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर छप्पर, पश्चिमेला आणि दक्षिणेला भिंत, बाकी दोन बाजू वेल्डमेशने (जाड तारांची वेल्ड केलेली जाळी) बंद. चोरी होत नाही, झड आत येत नाही, हवा मोकळी. डिझेलच्या सायलेंट सेटला तर कॅनोपी (आवाज अडवणारी पत्र्याची पेटी) असतेच आणि ती उघड्यावर ठेवायलाच बनवलेली असते. त्याला चांगला ओटा आणि वर एक छप्पर पुरे. त्याला खोलीत कोंडायचंच असेल तर रेडिएटरची गरम हवा कॅनव्हासच्या डक्टने थेट भिंतीबाहेर काढावी लागते, आणि भिंतीतलं तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळापेक्षा निदान सव्वापट हवं.

पण शेड बांधून झालेली असते, सोसायटीची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते आणि शेजाऱ्याला आवाज नको असतो. तेव्हा आहे त्या शेडची दुरुस्ती कशी करायची ते बघू.

हवा नेमकी कुठे अडते: थर्मामीटर आणि उदबत्ती

तीन साधे डायल थर्मामीटर घ्या. एक बाहेर सावलीत टांगा. दुसरा इंजिनाचा पंखा ज्या बाजूने हवा ओढतो तिथे, दोरी ओढायच्या कव्हरसमोर वीतभर अंतरावर. तिसरा छपराखाली अर्ध्या फुटावर. सेट लोडवर चालवा, दार नेहमीसारखं लावा, आणि दर दहा मिनिटांनी तिन्ही आकडे लिहा. दुसरा-तिसरा थर्मामीटर बाहेरून जाळीतून वाचता येईल असा लावा, नाहीतर प्रोब लांब असलेला डिजिटल घ्या. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत पत्र्यावर नेम धरू नका, आकडा खूप कमी दाखवते. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.

इंजिनाच्या तोंडाशी बाहेरच्यापेक्षा ५ अंशांपर्यंत जास्त असेल तर ठीक. बहुतेक पोर्टेबल सेटच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतची हवा चालेल असं लिहिलेलं असतं. ठाण्यात मे महिन्यात बाहेरच ३७-३८ होतात, म्हणजे हातात दोन-तीन अंशच उरतात. तोंडाशी आणि छपराखाली दोन्हीकडे तापमान सारखंच चढत असेल तर हवा बाहेर जातच नाही, वरची मोकळीक कमी आहे. छपराखाली ठीक आहे पण तोंडाशी १० अंश जास्त, तर मोकळीक आहे पण गरम हवा वळसा घालून पुन्हा इंजिनाकडे येते. या दुसऱ्या दोषाला जाळी मोठी करून काही होत नाही. आणि हाच दोष जास्त वेळा सापडतो.

वळसा डोळ्यांनी बघायचा असेल तर उदबत्ती. मात्र ती टाकीपासून लांब, शेडच्या बाहेर उभं राहून आणि फक्त जाळीच्या बाहेरच्या बाजूला धरायची. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा नुकतं भरलं असेल तर उदबत्ती पेटवूच नका. वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी दोऱ्याने बांधा, तीही तेच सांगते. खालच्या जाळीपाशी धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. तो दारापाशी रेंगाळला, किंवा आत जाऊन पुन्हा त्याच जाळीच्या वरच्या कडेने बाहेर आला, तर ती एकच जाळी आत-बाहेर दोन्ही कामं करते आहे. एका भिंतीत दोन जाळ्या शेजारी-शेजारी असतील तर हे हमखास दिसतं.

दुरुस्ती

आत येणारी हवा खालून, जमिनीपासून दीड फूट उंचीवर, आणि इंजिनाच्या पंख्याच्या बाजूला. बाहेर जाणारी हवा दुसऱ्या भिंतीत, छपराच्या लगत. सेट असा फिरवा की सायलेन्सरची बाजू बाहेर जाणाऱ्या तोंडाकडे राहील. केवळ सेट १८० अंशांत फिरवून तक्रार मिटलेली असंख्य शेड आहेत, कारण ऑइल बदलायला सोपं पडावं म्हणून तो उलटा ठेवलेला असतो.

दिशा ठरवताना आपला वारा लक्षात घ्या. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून, उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीकडचा, पश्चिमेचा. गरम हवेचं तोंड पश्चिमेला ठेवलं तर वारा ती परत आत ढकलतो. तोंड पूर्वेला ठेवा, आत येणारी हवा उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून.

पंखा लावायचा तर ज्याच्या खोक्यावर निदान तासाला ४००० घनमीटर लिहिलेलं आहे असा घ्या, कारण लुव्हर आणि जाळी मिळून त्यातला जवळजवळ एक तृतीयांश खातात. १८ इंची, ९०० आरपीएमचा हेवी ड्युटी एक्झॉस्ट पंखा बहुधा पुरतो, वीज दोनशे वॉटच्या आसपास घेतो. स्वयंपाकघरातला ९ इंची पंखा लावून समाधान मानू नका. पंखा गरम बाजूला, वर, हवा बाहेर फेकणारा. पंखा असला की आत येणाऱ्या हवेला ४ ते ५ चौरस फूट मोकळी जागा पुरते, म्हणजे लुव्हरचं माप ८ ते १० चौरस फूट, अडीच बाय चार फूट धरा. यापेक्षा कमी ठेवलं तर शेडमध्ये ओढ तयार होते, सायलेन्सरच्या सांध्यातून सुटलेला धूर आत पसरतो. याची खूण सोपी आहे: पंखा सुरू असताना शेडचं दार उघडायला जोर लागत असेल, तर आत यायची वाट अपुरी आहे.

आणि आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हास्यास्पद पण नेहमीची चूक. इलेक्ट्रिशियन पंख्याची वायर जवळच्या बोर्डावरून घेतो, तो बोर्ड अंगणातल्या दिव्याचा असतो आणि ते सर्किट जनरेटरच्या लाइनवर नसतं. लाइट असताना बटण दाबून बघितलं, पंखा छान फिरतो. लाइट गेल्यावर, जेव्हा जनरेटर चालतो नेमका तेव्हाच, पंखा बंद. पंख्याची वायर जनरेटरच्या आउटपुटवरून, चेंजओव्हरच्या (लाइट की जनरेटर हे निवडायचा स्विच) आधी, स्वतंत्र ६ अँपिअरच्या एमसीबीतून घ्या. मध्ये ४० अंशांचा थर्मोस्टॅट टाकायचा मोह होतो, टाकू नका. सेट सुरू की पंखा सुरू, एवढंच ठेवा. बिघडायला एक वस्तू कमी. सेट बंद करायच्या आधी लोड काढून पाच मिनिटं रिकामा चालवला की इंजिन आणि शेड दोन्ही गार होतात.

पाऊस आत येऊ न देता हवा कशी घ्यायची

ताडपत्रीचा प्रश्न इथे सुटतो. पाऊस वाऱ्याने तिरपा होतो पण वर चढत नाही, आणि काटकोनात वळत नाही. हवा वळते. लुव्हरच्या बाहेर भिंतीपासून ९ इंच अंतरावर पत्र्याचा पडदा उभा करा: वरून बंद, दोन्ही बाजूंनी बंद, खालून उघडा, आणि लुव्हरच्या खालच्या कडेपेक्षा ६ इंच खाली उतरलेला. हवा खालून शिरते, वर चढते, वळून आत जाते. झड पडद्यावर आपटून खाली गळते. चार फूट रुंद लुव्हरला ९ इंचांची खाच म्हणजे ३ चौरस फूट होतात, तेवढं कमी पडतं. म्हणून अशा लुव्हरला पडदा १५ इंच पुढे घ्या, ५ चौरस फूट मिळतात. फॅब्रिकेटर ‘एवढा पुढे कशाला, दिसायला वाईट दिसतं’ म्हणेल. त्याला टेपने मोजायला लावा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान फूटभर वर हवी, नाहीतर फरशीवर आपटलेल्या पाण्याचे तुषार हवेबरोबर आत ओढले जातात. पागोळ्या पडद्यासमोर पडत असतील तर पन्हाळ लावा. छपराचा पत्रा पश्चिमेला दीड फूट पुढे काढा.

आतल्या बाजूला डासांची जाळी लावू नका. महिन्याभरात ती धूळ आणि कापसाने नमद्यासारखी होते आणि मोकळी जागा निम्म्यावर येते. अर्धा इंची वेल्डमेश पुरे. उंदीर-घुशी अडतात, हवा अडत नाही. वायरींचं कुरतडणं ही डासांपेक्षा मोठी कटकट आहे.

धुराचा पाइप

पोर्टेबल सेटच्या सायलेन्सरला थेट लोखंडी पाइप वेल्ड करून तो छपरातून काढलेला दिसला की समजावं, गॅस्केट लवकरच जाणार. पाइपाचं वजन आणि इंजिनाची थरथर मिळून सायलेन्सरचे स्टड सैल करतात, सांध्यातून धूर गळतो, तो गरम धूर इंजिनच परत ओढतं आणि पाऊण तासात बंद पडतं. ही पुन्हा वरच्याच लक्षणांची गोष्ट आहे, फक्त दार वेगळं. मध्ये फूटभर स्टीलचा फ्लेक्झिबल पाइप हवा आणि पुढच्या पाइपाचं वजन भिंतीवरच्या हँगरने पेलायला हवं. सायलेन्सरच्या तोंडापेक्षा पुढचा पाइप कधीही बारीक नको. दोनपेक्षा जास्त बेंड किंवा १० फुटांपेक्षा जास्त लांबी असेल तर एक माप मोठा घ्या. काटकोनी एल्बोऐवजी लांब त्रिज्येचा बेंड.

शेडच्या आतल्या भागात पाइपावर रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा. यानेच छपराखालचं तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं. लाकूड, पीव्हीसी, थर्मोकोल पाइपापासून ९ इंच लांब. छपराखाली उष्णता अडवायला थर्मोकोल चिकटवायची पद्धत आहे, ती सोडा. पेटतो आणि जळते थेंब टाकीवर पडतात. ५० मिलिमीटर रॉकवूल आणि खाली पत्रा, हे महाग पडतं पण तेच बरोबर. पाइप आडवा जातो तिथे उतार इंजिनापासून बाहेरच्या दिशेने द्या आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी काढायला छोटा प्लग ठेवा. वर पावसाची टोपी. महिनाभर सेट चालला नाही तर धुरातलं साठलेलं पाणीच सायलेन्सर आतून कुजवतं, आणि ऐरोली-वाशीसारख्या खाडीकाठच्या खारट हवेत बाहेरूनही तेच चालू असतं.

डिझेल सेटच्या धुराच्या उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाचा ०.२ पट मिळवायचा, उत्तर मीटरमध्ये. १० केव्हीएला हे सुमारे ०.६३ मीटर येतं. म्हणजे पाइप घराच्या छपराच्याही दोन फूट वर. शेजाऱ्याच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीसमोर तोंड ठेवून भांडण ओढवून घेण्यापेक्षा हे एकदाच करून टाका.

आवाजाची तक्रार आली म्हणून

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. डिझेल सेटची कॅनोपी एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावी लागते. शेजारी तक्रार करतो, मालक लुव्हरवर प्लायवुड ठोकतो, सेट तापतो, आणि गाडी पुन्हा मूळ स्टेशनवर.

आवाज अडवायचा तर हवेच्या वाटेतच अडवावा लागतो. वर सांगितलेल्या पडद्याचाच खोका करा: ४ फूट लांब, दोन काटकोनी वळणं, आतून ५० मिलिमीटर रॉकवूल आणि त्यावर भोकांचा पत्रा. आतली मोकळी जागा रॉकवूल लावल्यानंतर ५ चौरस फूट उरली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी माप आधी घेतात आणि रॉकवूलने ते निम्मं होतं. सेटखाली रबराचे पॅड. कोब्यातून घराच्या भिंतीत जाणारी घरघर कुठल्याही खोक्याने थांबत नाही, ती पॅडनेच थांबते.

ओटा आणि बाकीचं, नव्याने बांधणाऱ्यांसाठी

ओट्याची उंची ठरवण्याआधी गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, २६ जुलै २००५ला पाणी कुठवर आलं होतं. नवी मुंबईचे बरेच सेक्टर मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी होल्डिंग पाँडची (पावसाचं पाणी साठवायची तळी) दारं बंद असतात आणि तेव्हाच मुसळधार पाऊस झाला तर पाणी रस्त्यावर साठतं. ओटा २००५च्या त्या पाण्याच्या खुणेच्या वर ९ इंच हवा. भराव टाकलेल्या जमिनीवर आधी रबल सोलिंग (दगडांचा थर), त्यावर ६ इंच एम-२० काँक्रीट, ८ मिलिमीटर सळईची २०० मिलिमीटरवर दोन्ही बाजूंनी जाळी. सोलिंग वाचवलं तर दोन पावसाळ्यांत ओटा एका कोपऱ्यात खचतो आणि ऑइल सेन्सरची तक्रार सुरू होते.

सेटभोवती तीन फूट, सायलेन्सरच्या बाजूला शक्यतो पाच. महावितरणची लाइन आणि जनरेटर यांच्यामध्ये दोन पोलचा चेंजओव्हर, ५ केव्हीएला ३२ अँपिअरचा, परवानाधारक कंत्राटदाराकडूनच. दोन्हीकडे पिन असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडणं म्हणजे खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाशी खेळ. ६ किलोचं एबीसी अग्निशामक दाराबाहेर टांगा, आत नाही. आग लागल्यावर कोणी आत शिरत नाही. पेट्रोल शेडमध्ये साठवू नका, आणि घरीही विनापरवाना ३० लिटरच्या वर ठेवता येत नाही.

पुन्हा तक्रार आली तर

सहा महिन्यांनी तेच लक्षण परत आलं, तर आधी वेल्डमेश, मग पडद्याची खालची खाच बघा. तिथे कुंड्या, जुनी सायकल, रद्दीचे गठ्ठे येऊन बसलेले असतात; रिकामी जागा कोणाला बघवत नाही. मग पंखा खरंच फिरतो का, आणि सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिकने सेट उलटा तर ठेवला नाही ना.

हे सगळं ठीक असेल तर पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर बसतो. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली गढूळ थर दिसला तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा. महिन्यापेक्षा जास्त काळ सेट चालणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवून ठेवा. जुन्या सेटची रबरी नळी या पेट्रोलने फुगते, मऊ पडते; बोटांनी दाबून बघा आणि शंका आली तर बदला. गरम शेडमध्ये सायलेन्सरजवळून गेलेल्या नळीत पेट्रोल उकळून वाफ अडते, तेव्हा नळीची वाटही बघा.

दुरुस्तीनंतर मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, दार लावून, भरल्या लोडवर दोन तास सेट चालवा आणि तिन्ही थर्मामीटरचे आकडे दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ताडून बघायला तेच लागतील.